थारमधलं गाणं साठच्या पुढेही ऐकू यावं म्हणून

गाडी दारात उभी असताना कुठलाही स्पीकर छान वाजतो. दुकानदारही तो तसाच ऐकवतो, दुकानासमोर, इंजिन बंद ठेवून. मग तुम्ही सोलापूरच्या होटगी रोडला लागता, काटा साठवर जातो, मड टायरची घुंई सुरू होते, कापडी छत फडफडतं, आणि गाण्यातली फक्त ठकठक शिल्लक राहते. आवाज वाढवला तर फाटतो. फाटला तरी आपण वाढवतोच. मग एक दिवस ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) जळतो आणि दुकानदार सांगतो, "साहेब, जास्त वॅटचा घ्या."

माझी थार जुनी, २०२० च्या आधीची, कापडी छताची. तिच्यातली साउंड सिस्टीम मी दोनदा बसवली. पहिल्यांदा दुकानात देऊन, दुसऱ्यांदा स्वतः, रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. पहिल्या वेळचा बराच खर्च पाण्यात गेला. म्हणजे अक्षरशः पाण्यात, ते पुढे येईलच. उघडी किंवा अर्धउघडी गाडी नव्याने घेतलेले बरेच जण हल्ली विचारतात म्हणून सगळं क्रमाने लिहितोय. थार, गुरखा, जिप्सी, जुनी जीप, कशालाही हे लागू आहे. क्रम मात्र मोडू नका. बहुतेक जण सुरुवात ॲम्पपासून (म्हणजे आवाज वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरपासून) करतात आणि तिथेच फसतात. ॲम्प माझ्या यादीत पाचवा आहे.

पहिला रविवार: काही विकत घेऊ नका

फक्त खडखड शोधा. एका मित्राला मागे बसवा आणि कच्च्या रस्त्यावर विशीच्या वेगाने गाडी चालवा. हिप्परगा तलावाकडे जाणाऱ्या कुठल्याही फुफाट्याच्या रस्त्यावर हे काम होतं. मित्राने एकेका वस्तूवर हात दाबून ठेवायचा: जॅक, जॅकचा दांडा, टूलची पिशवी, मागचं फाटक, स्टेपनीचं ब्रॅकेट, नंबरप्लेट, छताच्या कमानीचे बोल्ट, सीटबेल्टचं बक्कल. हात ठेवल्यावर आवाज थांबला की तिथे खडूने खूण करायची.

माझ्या गाडीत डाव्या स्पीकरमधून 'झर्रर्र' असा आवाज यायचा. स्पीकर फाटला असं समजून मी तो बदललासुद्धा. नव्या स्पीकरमधूनही तोच झर्रर्र. मित्र मागून ओरडला, "का बे, हे तर जॅकचं हॅण्डल हाय की!" सीटखालच्या क्लिपमधून हॅण्डल निसटलं होतं आणि ठरावीक स्वराला पत्र्यावर थरथरत होतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा चार बोटांचा तुकडा गुंडाळला आणि विषय संपला. बदललेला स्पीकर अजून माळ्यावर पडून आहे, धडधाकट.

खुणा केलेल्या जागी बोल्ट आवळा, रबर घाला, फेल्ट चिकटवा. त्यानंतर पत्र्याला डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याची थरथर शोषणारी चिकट शीट. दोन प्रकारची मिळते, डांबरी आणि ब्युटाइल. डांबरी स्वस्त असते, पण आपल्याकडे मेमध्ये पारा ४३ पर्यंत जातो आणि उन्हात तापलेला पत्रा त्याहून कितीतरी जास्त. डांबरी शीट मऊ पडून घसरते आणि गाडीत रस्ता केल्यासारखा वास सुटतो. ॲल्युमिनियमचा थर असलेली ब्युटाइल शीटच घ्या. सगळा पत्रा मढवायची गरज नाही. पत्र्यावर बोटाने टकटक करा, जिथे तो डब्यासारखा वाजेल तिथे मधोमध तुकडा लावा. पाव ते एक तृतीयांश भाग झाकला की पुरतं. लावण्याआधी पत्रा थिनरने पुसा आणि शीट लावल्यावर रोलरने दाबून खालची हवा काढा. धुळीवर चिकटवलेली शीट पहिल्याच उन्हाळ्यात सुटते.

स्पीकर कुठे बसवायचा, ते आधी ठरवा

हे मी एका ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याकडून शिकलो. मोहोळच्या पुढे, साखर कारखान्याबाहेर वजनाची वाट बघत ट्रॅक्टरांची रांग होती आणि माझी गाडी त्या रांगेशेजारी अडकली होती. पुढच्या ट्रॅक्टरवर गाणं इतकं स्वच्छ वाजत होतं की मी उतरून बघायला गेलो. मोठं खोकं असेल असं वाटलं होतं. होते दोन साधे स्पीकर, मडगार्डच्या वर, ड्रायव्हरच्या दोन्ही खांद्यांपाशी, तोंडं थेट कानाकडे वळवलेली. मी वॅट विचारले. तो हसून म्हणाला, "वॅटचं काय न्हाय साहेब. तोंड कुनीकडं हाय ते बघा."

त्याच्या बोलण्यामागचं गणित असं. मोकळ्या जागेत स्पीकरचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. बंद कारमध्ये काच, छत, दार आवाज परत फेकतात, त्यामुळे ही घट तितकी जाणवत नाही. उघड्या गाडीत परत फेकणारं काहीच नसतं. पायाशी, सव्वा मीटरवर असलेला स्पीकर कानापासून साठ सेंटीमीटरवर आणला तर ते ६ डेसिबल परत मिळतात. तेवढी वाढ ॲम्पमधून हवी असेल तर चौपट वॅट लागतात. जागा बदलायला मात्र एक क्लॅम्प आणि चार बोल्ट पुरतात.

म्हणून दारात आणि पायाशी मुख्य स्पीकर लावू नका. जुन्या गाड्यांच्या दारात तशीही खोली नसते, वर पावसाचं पाणी आतून ओघळतं. चांगल्या जागा दोनच: डॅशबोर्डच्या वरच्या कडेला आणि डोक्यामागच्या पाइपवर. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या नव्या थारमध्ये कंपनीनेच छताला स्पीकर दिले.

पाइपवर लावायला गोल डब्यातले स्पीकर मिळतात, त्यांना बाजारात पॉड म्हणतात. क्लॅम्प मागवण्याआधी पाइपची जाडी मोजा. पट्टी आडवी धरून अंदाज करू नका. सुताचा दोरा एक वेढा गुंडाळा, लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. दोरा १६ सेंटीमीटर भरला तर पाइप ५१ मिलिमीटरचा. सुताच्या गावात दोऱ्याला काय तोटा!

दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. रोल केजच्या पाइपला ड्रिलने भोक पाडू नका. गाडी उलटली तर जो पाइप तुम्हाला वाचवणार तोच तुम्ही कमजोर करता, शिवाय भोकातून गंज शिरतो. आणि पॉड डोक्याच्या रेषेत नको. सीटवर बसा, बेल्ट लावा, मित्राला गाडी दोन्ही बाजूंनी जोरात हलवायला सांगा. डोकं जिथपर्यंत जातं त्याच्या वीतभर पलीकडे पॉड हवा. नाल्यात चाक उतरलं की माणूस किती झुकतो ते घरी बसून कळत नाही.

डब्यावरचे आकडे

मोठ्या अक्षरात 'मॅक्स ३०० वॅट' लिहिलेलं असतं. तो आकडा विसरा. कोपऱ्यात बारीक अक्षरात आरएमएस असतो, म्हणजे सलग वाजताना झेपणारे वॅट, तो खरा. साडेसहा इंची चांगल्या स्पीकरचा आरएमएस ५० ते ८० च्या आसपास निघतो आणि तेवढा भरपूर आहे.

त्याहून महत्त्वाचा आकडा सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो तो. ८८ आणि ९२ यांत फरक चारचाच दिसतो, पण ९२ वाला स्पीकर २० वॅटमध्ये जेवढा वाजतो तेवढं वाजायला ८८ वाल्याला ५० वॅट लागतात. उघड्या गाडीसाठी ९० च्या वरचाच बघा. इथे एक लबाडी चालते. काही कंपन्या आकडा '२.८३ व्होल्टवर' मोजलेला देतात. चार ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ नव्हे, २ वॅट. अशा आकड्यातून ३ वजा करा आणि मग तुलना करा.

मालमसाला बघताना कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) पॉलिप्रोपिलीनचा आणि कडेची वळी रबराची घ्या. कागदी कोन ऐकायला गोड असतो हे मान्य, पण एका पावसाळ्यात त्याचा पापड होतो. फोमची वळी आपल्या उन्हात भुगा होते. बोट लावलं की हातात येते. बोटींसाठी बनवलेले मरीन स्पीकर उत्तम, कारण ते उन्हातल्या अतिनील किरणांना आणि पाण्याला टिकतील असेच बनवतात. सोलापुरात बोट कुठे, असं दुकानदार म्हणेल. म्हणू द्या.

आयपी रेटिंगचा पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीचा ६ म्हणजे धूळ आत जाणारच नाही, ५ म्हणजे थोडी जाईल पण काम बिघडणार नाही. पाण्याचा ४ म्हणजे शिंतोडे सोसतो, ५ म्हणजे पाइपची धार सोसतो. आपल्याकडे पाण्यापेक्षा रेगडीची धूळ जास्त नडते. मैद्यासारखी बारीक असते, कुठेही शिरते. म्हणून माझा जोर पहिल्या अंकावर.

कोअॅक्सिअल (ट्वीटर स्पीकरमध्येच बसवलेला) घ्यायचा की कंपोनंट (ट्वीटर वेगळा)? उघड्या गाडीत कोअॅक्सिअल. ट्वीटर वेगळा लावून सूर बारकाईने मांडण्याची चैन बंद कारवाल्यांनी करावी.

डेक

डेक म्हणजे डॅशबोर्डमधला गाणी वाजवणारा प्लेअर. याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ब्लूटूथ हवा, मागे प्रीआउट म्हणजे ॲम्पकडे सिग्नल नेणाऱ्या आरसीए केबल लावायच्या जोड्या हव्यात, आणि शक्यतो हातमोजा घालूनही फिरवता येईल असं खरं बटण हवं. खड्ड्यात गाडी उडत असताना टचस्क्रीनवर आवाज कमी करून बघा म्हणजे कळेल. डेकवर '५० वॅट गुणिले ४' लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात चॅनेलमागे, म्हणजे एका स्पीकरमागे, १५ ते २० वॅटच मिळतात. सेन्सिटिव्हिटी चांगली असलेले स्पीकर कानाजवळ लावले तर तेवढ्यावरही महिनाभर निभतं. तसं आधी वाजवून बघा. समाधान झालं तर पुढचा ॲम्पचा भाग वाचायचीही गरज नाही.

नवी गाडी वॉरंटीत असेल तर कंपनीची वायर कापू नका. गाडीच्या मॉडेलप्रमाणे तयार कपलर मिळतात, ते मध्ये घाला. पिवळ्या रंगाचे कनेक्टर किंवा पिवळी नळी दिसली तर हात मागे घ्या, ती एअरबॅगची वायर आहे.

ॲम्प, आणि माझा पहिला ॲम्प कसा गेला

चार चॅनेलचा, चॅनेलमागे चार ओहमला ५० वॅट आरएमएस देणारा क्लास डी ॲम्प पुरेसा आहे. क्लास डी का, तर तो घेतलेल्या विजेपैकी ८० टक्क्यांच्या आसपास आवाजासाठी वापरतो. जुन्या क्लास एबीमध्ये निम्म्याच्या आसपास वीज उष्णता होऊन जाते, आणि सोलापुरात आणखी उष्णता कुणाला हवी आहे?

हिशोब करून बघा. चार गुणिले ५० म्हणजे २०० वॅट. ८० टक्के कार्यक्षमतेला आत २५० वॅट जायला हवेत. इंजिन चालू असताना साधारण १३.८ व्होल्ट धरले तर १८ अँपिअर. म्हणजे गाडीच्या मूळ अल्टरनेटरला हे झेपतं. मोठा अल्टरनेटर, दुसरी बॅटरी, कपॅसिटर यांतलं काहीही विकत घेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

माझा पहिला ॲम्प दुकानात ड्रायव्हर सीटखाली जमिनीवर स्क्रूने बसवून मिळाला. नीटनेटकं दिसत होतं. ऑगस्टमध्ये अक्कलकोटच्या बाजूला एक ओढा ओलांडला, पाणी गुडघ्याखालीच होतं, गाडी आरामात बाहेर आली. मिनिटभराने गाणं थांबलं. सीट सरकवून बघतो तर ॲम्प तळ्यात बसलेला. दाराच्या खालच्या फटीतून पाणी शिरलं होतं आणि जमिनीवर चार बोटं साचलं होतं. अशा गाड्यांची जमीन ओली होणारच. नव्या थारला तर पाणी काढून द्यायला जमिनीत प्लगच आहेत. तिथे ॲम्प ठेवणं ही चूक दुकानाची होती, आणि बघून 'छान' म्हणालो ती माझी.

ॲम्प उभा लावा, मागच्या सीटच्या पाठीमागे किंवा डॅशबोर्डखाली, सीटच्या बैठकीच्या उंचीवर. टर्मिनल खालच्या बाजूला. वायर टर्मिनलला जोडण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, आत शिरत नाही. मागे रबरी बुश घाला. आणि चारी बाजूंनी हवा खेळू द्या. ॲम्प सतरंजीत गुंडाळून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत.

वायरिंग

इथे मी जास्त रेंगाळणार आहे. साउंड सिस्टीमची बहुतेक दुखणी वायरीत असतात आणि गाडी पेटते तीही वायरीमुळेच.

आधी तांबं ओळखा. बाजारात जाड, पारदर्शक, दिसायला देखण्या वायरी मिळतात, त्यांतल्या बऱ्याच तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात. टोकाचा एक धागा ब्लेडने खरवडा. आत पांढरं चमकलं तर ॲल्युमिनियम. तो कमी वीज वाहतो, तापतो, आणि ओलसर जागी जोडापाशी पांढरी पूड होते. आपल्या कामाला ८ ते १० स्क्वेअर एमएमची, बारीक धाग्यांची शुद्ध तांब्याची वायर लागते. नवी पेठेत किंवा इलेक्ट्रिकच्या कुठल्याही चांगल्या दुकानात ती मीटरवर मिळते. घरातल्या फिटिंगची एकेरी जाड तार चालणार नाही, ती थरथरीने तुटते.

कामाला हात घालण्याआधी बॅटरीची वजा केबल काढा. नंतर काढू म्हणू नका. पक्कड घसरून अधिक आणि बॉडी यांच्यावर एकदम टेकली तर ठिणगी केवढी उडते ते मी पाहिलं आहे, आणि माझ्या पकडीच्या जबड्याला अजून खाच आहे.

अधिकची वायर थेट बॅटरीपासून घ्या आणि बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज बसवा. फ्यूज ॲम्पला वाचवण्यासाठी नसतो, ॲम्पचा स्वतःचा वेगळा असतो. हा फ्यूज वायरीसाठी आहे. फ्यूजच्या पुढे वायर कुठे घासली आणि बॉडीला लागली, तर फ्यूज उडतो आणि वीज तुटते. फ्यूजच्या मागचा, बॅटरीकडचा भाग बॉडीला लागला तर मात्र तो बॅटरी संपेपर्यंत जळत राहतो, म्हणून तो जितका आखूड तितका बरा. वरच्या हिशोबाला ३० अँपिअरचा फ्यूज घाला. तो सारखा उडाला तर मोठा घालायचा नसतो, कारण शोधायचं असतं.

इंजिनकडून आत येताना वायर पत्र्याच्या भोकातून जाते. त्या भोकाची कड सुरीसारखी असते. ग्रोमेट म्हणजे भोकात बसणारं रबरी कडं घातल्याशिवाय वायर ओवू नका, आणि इंजिनच्या बाजूला सगळी वायर काळ्या लवचिक पाइपमधून न्या. सायलेन्सरपासून आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून लांब. दर वीतभर अंतरावर केबल टाय. ऑफरोड गाडीत मोकळी लटकणारी वायर कधी ना कधी तुटणारच.

अर्थिंगकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. ॲम्पची वजा वायर अधिकइतकीच जाड आणि शक्य तितकी आखूड, हातभराच्या आत. बॉडीवर जागा निवडा, रंग पॉलिश पेपरने घासून लखलखीत पत्रा उघडा करा, वायरीच्या टोकाला तांब्याचं थिंबल (बोल्टचं कडं) दाबून बोल्ट आवळा, मग त्यावर ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली फासा, नाहीतर गंज चढेल. सीटबेल्टचा बोल्ट अर्थिंगला वापरू नका. इंजिनच्या वेगाबरोबर चढउतार होणारी शिट्टी स्पीकरमधून ऐकू येत असेल तर दहापैकी आठ वेळा इथेच घोळ असतो. उरलेल्या दोन वेळा आरसीए केबल पॉवरच्या वायरीला चिकटून नेलेली असते. पॉवर उजवीकडून नेली तर आरसीए डावीकडून न्या, आणि एकमेकींना ओलांडायची वेळ आली तर काटकोनात.

डेकच्या मागच्या रंगांना घाबरू नका, बाजारातल्या बहुतेक डेकना एकच पद्धत असते. पिवळी कायमची बॅटरी, लाल चावीची, काळी अर्थ. पांढऱ्या जोडीला पुढचा डावा स्पीकर, करडीला पुढचा उजवा, हिरवीला मागचा डावा, जांभळीला मागचा उजवा. यांतली काळी रेघ असलेली वायर वजा. निळ्या-पांढऱ्या रेघेची वायर ॲम्पला 'ऊठ' म्हणून सांगते, ती ॲम्पच्या रिमोट टर्मिनलला जोडा. पिवळी आणि लाल एकत्र पिळून टाकणारे महाभाग आहेत. मग डेक रात्रभर जागा राहतो आणि आठवडाभराने गाडी धक्का मारून चालू करावी लागते.

जोड कसे द्यायचे? वायरी पिळून वर इन्सुलेशन टेप, असं माझ्या गाडीत दुकानाने केलं होतं. मेमध्ये डॅशबोर्ड उघडला तेव्हा टेपचा गोंद वितळून काळा चिकट ओघळ खाली आला होता आणि टेप स्वतःहून उलगडून लोंबत होती. आत उघडं तांबं. दोन वायरींमध्ये बोटभर अंतर राहिलं होतं म्हणून मी हे लिहायला आहे. दाबून बसवायचे क्रिंप कनेक्टर वापरा, वर श्रिंक ट्यूब चढवून लायटरने किंवा हीट गनने आवळा. नुसतं सोल्डर केलेला जोड थरथरीने सोल्डरच्या कडेला तुटतो, त्यामुळे सोल्डर केलंच तर जोडाला ताण येणार नाही अशी वायर बांधा.

स्पीकरचं अधिक-वजा नक्की करायचं असेल तर पेन्सिल सेल घ्या आणि वायरीच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. सेलचं अधिक स्पीकरच्या अधिकला लागलं की कोन बाहेर येतो. सगळे स्पीकर एकाच दिशेने हलले पाहिजेत. एक जरी उलटा लागला तर दोघे मिळून एकमेकांचा बेस खातात, आणि आपण नवा वूफर शोधत बसतो.

बेस

बंद गाडीत खालचे स्वर आपोआप फुगतात, छोट्या बंद जागेचा तो गुण आहे. छत काढलं की ती फुकटची मदत संपते. त्यामुळे मित्राच्या सेडानमध्ये घुमणारी बेसट्यूब थारमध्ये आणली की दमेकऱ्यासारखी वाटते. तिला दोष देऊ नका.

उघड्या गाडीत दणदणीत बेसचा नाद सोडा असं माझं प्रामाणिक मत आहे. सीटखाली मावणारा, आतच ॲम्प असलेला चपटा वूफर घ्या आणि तो सीटच्या चौकटीला बोल्टने घट्ट बांधा, जमिनीपासून वर. बेस कानाने कमी आणि पाठीला जास्त कळतो, आणि ते पुरतं. मात्र हा वूफर जोडला की वरचा हिशोब आणखी काही अँपिअरने वाढतो, त्याला स्वतःची वायर आणि स्वतःचा फ्यूज द्या.

मुख्य स्पीकर नुसतेच पत्र्यावर किंवा जाळीवर लावले असतील तर त्यांच्या मागचा आवाज पुढे येऊन पुढचा आवाज मारतो. मागे बंद डबा हवाच. पॉड घेतले असतील तर तो आयता मिळतो.

जुळवणी

ॲम्पवरचा 'गेन' हे आवाज कमी-जास्त करायचं बटण नव्हे. डेककडून येणारा सिग्नल आणि ॲम्प यांचा मेळ बसवण्यासाठी तो असतो. तो पूर्ण पिळला की आवाज कापला जातो आणि ट्वीटर जळतात.

साधा मल्टिमीटर लागेल. स्पीकरच्या वायरी ॲम्पपासून काढा. डेकचे बेस, ट्रेबल, लाउडनेस शून्यावर, ॲम्पचे फिल्टर बंद, गेन सगळ्यात खाली. इंजिन चालू ठेवा. फोनवर १०० हर्ट्झचा सलग सूर उतरवून घ्या आणि तो डेकच्या एकूण आवाजाच्या पाऊण भागावर वाजवा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला लावा आणि गेन हळूहळू वाढवा. ५० वॅट गुणिले ४ ओहम म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ १४.१. मीटरवर १४ व्होल्ट दिसले की थांबा आणि तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्या. इंटरनेटवर १००० हर्ट्झचा सूर वापरा असं सांगतात, पण स्वस्त मीटर तेवढ्या वरच्या सुराला चुकीचं वाचतात.

मग स्पीकर जोडा आणि हाय पास फिल्टर चालू करा. साडेसहा इंचीला ८० हर्ट्झ, चार इंचीला १२० च्या आसपास. त्याखालचं छोट्या स्पीकरला झेपत नाही. ते काढून घेतलं की तो मोकळा होतो आणि शब्द एकदम पुढे येतात.

शेवटची जुळवणी रस्त्यावर करा, दारात नको. तुळजापूर रोडला साठच्या वेगाने, मित्राला चालवायला देऊन तुम्ही बाजूला बसा. रस्त्याचा आवाज खालच्या आणि मधल्या सुरांना झाकतो, म्हणून २ ते ४ हजार हर्ट्झची पट्टी थोडी उचला, शब्द तिथेच कळतात. फार उचलली तर अर्ध्या तासात कान दुखतात. मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू येतोय ना, तेही बघा. येत नसेल तर आवाज जास्त आहे, सिस्टीम कितीही चांगली असली तरी. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकावर बंदी आहे हे उघड्या गाडीवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावं, आपल्या गाडीला भिंती नाहीत. बार्शी रोडला नान्नजच्या माळाजवळ मी गाणं बंदच करतो. ते माळढोकाचं अभयारण्य आहे, तिथे वाऱ्याचाच आवाज बरा.

धूळ, ऊन, पाऊस

महिन्यातून एकदा स्पीकरची जाळी मऊ, कोरड्या रंगाच्या ब्रशने झटका. कॉम्प्रेसरची हवा जवळून मारू नका, वळी फाटते. सर्व्हिसिंगला गाडी देताना धुणाऱ्या पोराला पॉड दाखवून ठेवा. मरीन स्पीकर असला तरी प्रेशर पंपाची नळी वीतभरावरून त्याच्या तोंडात धरणं हे कुठल्याही रेटिंगमध्ये बसत नाही.

उन्हात गाडी लावली की डॅशबोर्डवर आणि पॉडवर टॉवेल टाका. गावात टॉवेलची काय कमी! जुनी सोलापुरी चादर चौघडी करून मागच्या उघड्या पत्र्यावर अंथरली तर पत्र्याची किणकिणही कमी होते; गंमत म्हणून करून बघितलं आणि आता ती कायम तिथेच असते.

इंजिन बंद ठेवून शेतात हुरडा पार्टीला गाणी लावायची असतील तर बॅटरीवर व्होल्टमीटर लावा. १२.२ च्या खाली आलं की गाणं बंद, नाहीतर इंजिन चालू.

पहिला मोठा पाऊस झाला की त्या रविवारी सीट काढा. अर्थिंगचा बोल्ट एकदा पान्याने तपासा, फ्यूजचं झाकण उघडून आत ओल आहे का बघा, वायरीच्या झोळांखाली हात फिरवा. माझ्या गाडीत दरवर्षी एक तरी केबल टाय तुटलेला निघतो, बहुतेक वेळा डाव्या चाकाच्या वरचा. ३० अँपिअरचे दोन जादा फ्यूज आणि मूठभर टाय डॅशबोर्डच्या कप्प्यात, शेंगाचटणीच्या डबीशेजारी, कायम पडलेले असतात.